वॉरंटी संपली आणि ग्राफिक्स चिप मुळातच सदोष असल्याची शंका: काय करता येईल?

रेघोटी

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर सल्ला देणं तुम्हालाही अवघड जाईल.

माझा लॅपटॉप १४ महिन्यांचा आहे, वॉरंटी होती १२ महिन्यांची. कंपनीचं नाव घेत नाही. त्यांच्याशी बोलणं अजून चालू आहे आणि मला भांडण नकोय, लॅपटॉप दुरुस्त हवाय. मी घरांचे आराखडे काढते, म्हणून मुद्दाम वेगळी ग्राफिक्स चिप असलेला घेतला होता. तीन आठवड्यांपूर्वी पडद्यावर उभ्या रेघा यायला लागल्या. आधी फक्त तापल्यावर यायच्या, मग केव्हाही. मागोमाग मजकुरात रंगीत ठिपके दिसू लागले. सोमवारी एक आराखडा फिरवून बघत असताना पडदा काळा झाला आणि मग निळा पडदा आला. त्यावर ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ (म्हणजे ग्राफिक्स चिपने वेळेत प्रतिसाद दिला नाही) असं लिहिलेलं होतं.

सर्व्हिस सेंटरमध्ये दहा मिनिटांत निकाल लागला: मदरबोर्ड बदलावा लागेल, वॉरंटी संपली आहे, खर्च तुमचा. तो खर्च नव्या लॅपटॉपच्या निम्म्याहून जास्त आहे. घरी येऊन शोधलं, तर याच मॉडेलच्या अगदी अशाच तक्रारी बऱ्याच जणांनी केलेल्या दिसल्या.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बिघाड चिपचाच आहे हे मी स्वतः कसं पडताळू? आणि दोष मुळातलाच असेल, तर दोन महिने उलटले म्हणून सगळं माझ्याच माथी का?

पाऊलवाट

वाचून वाईट वाटलं. काम अडलं असेल तर पहिल्यांदा सगळ्या फायली दुसरीकडे उतरवून घ्या. असे लॅपटॉप एक दिवस सुरूच होत नाहीत. बाकी जाणकार सांगतीलच.

तांबडी तार

रेघोटीताई, मी बोर्ड दुरुस्तीचं काम करतो, म्हणून पहिल्या प्रश्नाला उत्तर देतो.

बाहेरचा मॉनिटर जोडा. रेघा तिथेही दिसल्या तर तुमचा पडदा आणि त्याची केबल बहुतेक निर्दोष आहेत, बिघाड मागे बोर्डावर आहे. फक्त लॅपटॉपच्या पडद्यावरच रेघा असतील तर बोर्डाला हात लावू देऊ नका, आधी केबल तपासायला सांगा. झाकण हलवताना रेघा कमीजास्त होत असतील तर केबलचाच संशय जास्त.

मग रेघा दिसत असताना स्क्रीनशॉट काढा आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडा. चित्रातही रेघा आल्या तर चित्र तयार होतानाच बिघडतंय. मात्र चित्र स्वच्छ आलं म्हणून चिप चांगली असा अर्थ काढू नका. चित्र तयार झाल्यावर ते पडद्याकडे धाडण्याचं कामही चिपच करते आणि तिथलं बिघडलेलं स्क्रीनशॉटमध्ये दिसत नाही. इथे बरेच जण फसतात.

तिसरी तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लॅपटॉप सुरू होताना, विंडोज यायच्या आधी, कंपनीचं चिन्ह किंवा बायोसचा (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीचा) पडदा येतो, तिथे ठिपके दिसतात का? दिसत असतील तर ड्रायव्हरचा, म्हणजे चिप चालवणाऱ्या विंडोजमधल्या सॉफ्टवेअरचा, प्रश्न मिटला, कारण ड्रायव्हर तोवर चालूच झालेला नसतो. सर्व्हिस सेंटरवाले ‘विंडोज पुन्हा टाकून बघा’ म्हणून आठवडा घालवतात, तो यामुळे वाचतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये चिपपुढे पिवळी खूण आणि ‘कोड ४३’ (बिघाडामुळे विंडोजने चिप थांबवली) असेल तर त्याचाही फोटो ठेवा.

हे सगळं मोबाइलवर चित्रित करा. बिघाड येतो-जातो, आणि नेमका काउंटरवर लॅपटॉप शहाण्यासारखा वागतो.

जुना पिंपळ

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर २००८ मध्ये जे घडलं त्यात बरंचसं आहे. तेव्हा मी हे सगळं रोज वाचत होतो, कारण आमच्या कचेरीत लॅपटॉप सांभाळायचं काम माझ्याकडे होतं.

२ जुलै २००८ ला ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने जाहीर केलं की लॅपटॉपसाठीच्या त्यांच्या आधीच्या पिढीतल्या काही चिप आणि चिपसेट (बोर्डावरचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या चिप) नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात बंद पडत आहेत. कारण दिलं होतं चिपच्या वेष्टनात वापरलेल्या कमकुवत साहित्याचं. वॉरंटी आणि दुरुस्तीपोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागतील असंही त्यांनी सांगितलं. त्या तिमाहीत प्रत्यक्षात सुमारे १९.६ कोटी डॉलर हिशेबात धरले. चिप बनवणाऱ्यानेच दोष कबूल केलेला, म्हणजे आता ग्राहकाचा प्रश्न सुटला असं आम्हाला वाटलं.

तसं झालं नाही. चिप एकाची, लॅपटॉप दुसऱ्याचा, आणि ग्राहकाच्या हातातली वॉरंटी लॅपटॉपवाल्याची. त्यामुळे एकाच दोषासाठी तीन कंपन्यांनी तीन वेगवेगळ्या मुदती दिल्या. डेलने आधी बायोसचं अपडेट दिलं, त्याने पंखा जास्त वेळ फिरायचा. त्यावर लोक फार चिडले, कारण त्याने दोष जात नव्हता, फक्त पुढे ढकलला जात होता. मग ऑगस्टमध्ये डेलने एक्सपीएस एम१३३०, एम१५३०, लॅटिट्यूड डी६३० अशा मॉडेलांना या दोषापुरती मूळ वॉरंटीवर १२ महिने वाढ दिली, खरेदीपासून जास्तीत जास्त ६० महिन्यांपर्यंत. एचपीने पॅव्हिलियन डीव्ही२०००, डीव्ही६०००, डीव्ही९००० आणि काही कॉम्पॅक प्रेसारिओ मॉडेलांचं संरक्षण सुरुवातीपासून मोजून २४ महिन्यांचं केलं.

अ‍ॅपलचं प्रकरण मला आजही सांगण्यासारखं वाटतं. त्यांच्या मॅकबुक प्रोमध्ये जीफोर्स ८६००एम जीटी होती. एनव्हिडियाने अ‍ॅपलला कळवलं होतं की तुमच्या यंत्रांना हा त्रास नाही. अ‍ॅपलने स्वतः तपास केला तेव्हा निघालं की आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये त्यांनी खरेदीपासून दोन वर्षं मोफत दुरुस्ती जाहीर केली. पुढे ती मुदत तीन आणि मग चार वर्षांवर नेली. ज्यांनी आधीच पैसे भरून दुरुस्ती करून घेतली होती, त्यांना परतावाही दिला.

म्हणून, ताई, ‘वॉरंटी संपली’ हे वाक्य ऐकून परत फिरू नका. नेहमीची वॉरंटी संपली एवढंच ते खरं आहे. तुमच्या मॉडेलसाठी, या एका दोषापुरतं वेगळं संरक्षण आहे का, हा निराळा प्रश्न आहे. तो तुम्हीच विचारावा लागतो. काउंटरवरच्या माणसाला अनेकदा ते ठाऊकच नसतं.

गोधडी

पिंपळकाका, माहितीपूर्ण प्रतिसाद. माझी एक शंका. बहिणीचा लॅपटॉप याच धाटणीचा आहे, पण अजून उत्तम चालतो. चिप सदोष असल्याची चर्चा सुरू झाल्यावर आधीच बदलून मागता येते का? ‘कदाचित सदोष’ वस्तू घेऊन बसायचं म्हणजे रोज जिवाला घोर.

जुना पिंपळ

२००८ मध्ये तरी नाही. तिघांपैकी कोणीही लॅपटॉप परत मागवले नाहीत. लक्षण दिसलं, मुदतीत दिसलं, तपासणीत चिपचाच बिघाड निघाला, तरच दुरुस्ती. त्यामुळे त्याच चिपचे दोन लॅपटॉप शेजारी शेजारी असले, तर २३व्या महिन्यात बंद पडला तो सुटायचा आणि २५व्या महिन्यात बंद पडला तो अडकायचा. हा अन्याय आहे असं मी तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. दोष दोन्हीत पहिल्या दिवसापासून होता.

बहिणीला सांगा, बिल जपून ठेवा, अनुक्रमांक लिहून ठेवा आणि असं संरक्षण जाहीर झालंच तर त्याची शेवटची तारीख भिंतीवर लिहा. घरात जुना पडून असलेला लॅपटॉपही महिन्यातून एकदा चालू करून बघा. लोकांनी तो बंद ठेवला, आणि उघडला तेव्हा मुदत उलटून गेली होती.

लक्षणांची यादीही नीट वाचा. एचपीच्या यादीत पडदा काळा पडणं तर होतंच, पण वायरलेस कार्ड अचानक दिसेनासं होणं हेही होतं. लोक वायफायचं कार्ड बदलत बसले. बिघडला होता चिपसेट, कार्ड त्याच्यामार्फत जोडलेलं म्हणून तेच आधी नाहीसं व्हायचं.

सायंतारा

पण वॉरंटीनंतरच का बिघडतात हे? मुद्दाम तसं करतात का? मला खरंच समजून घ्यायचंय.

तांबडी तार

सायंतारा, मुद्दाम करतात असं मी म्हणणार नाही. बिघाडाचा स्वभावच तसा आहे.

चिप म्हणजे सिलिकॉनचा पातळ तुकडा. तो उलटा करून एका छोट्या पाटीवर बसवतात आणि दोघांना जोडतात सोल्डरचे बारीक थेंब. त्यांना आम्ही बंप म्हणतो. तापमान एक अंशाने वाढलं की सिलिकॉन दहा लाखांत सुमारे ३ भाग फुगतं, खालची पाटी १५ ते १७ भाग. म्हणजे लॅपटॉप तापला की पाटी बाहेर ताणते, थंड झाला की आत ओढते, आणि मधले थेंब दोन्ही वेळा पिळले जातात. तार हाताने वाकवून-सरळ करून तोडतो ना आपण, तसंच. हा ताण वाटून घ्यायला थेंबांच्या मधल्या जागेत अंडरफिल नावाचा पदार्थ भरतात. तो चालू तापमानालाच मऊ पडला तर सगळा भार थेंबांवर येतो. २००८ च्या प्रकरणात चर्चा होती ती जास्त शिसं असलेल्या बंपची आणि लवकर मऊ पडणाऱ्या अंडरफिलची.

थेंब एका झटक्यात तुटत नाही. शेकडो वेळा तापून-निवून तडा वाढत जातो. सकाळी चालू, दुपारी झोपवला, संध्याकाळी पुन्हा चालू, असा वापर असेल तर शेकडो फेऱ्या व्हायला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. वॉरंटी महिन्यांत मोजतात आणि चिप मरते फेऱ्यांत. मुदत आणि बिघाड यांची चुकामूक तिथेच होते. म्हणूनच अशा दोषाला १२ महिन्यांची वॉरंटी अपुरी पडते, हे माझं ठाम मत आहे.

खटपट्या

एवढं कशाला करायचं? बोर्ड काढून ओव्हनमध्ये आठ-दहा मिनिटं ठेवला की चालू होतो. मी दोन केलेत, दोन्ही चालले.

तांबडी तार

किती दिवस चालले, तेही कृपया लिहा.

आता हे का सांगतोय ते. बोर्डावरचं शिसंविरहित सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं. चिपच्या आतले जास्त शिशाचे बंप वितळायला ३०० च्या वर जावं लागतं. घरच्या ओव्हनमध्ये तुम्ही २०० पर्यंत जाता, म्हणजे दोन्ही वितळत नाहीत. आतलं साहित्य फुगतं, तड्याच्या दोन कडा एकमेकींना टेकतात आणि चिप काही आठवडे चालते. त्याच ओव्हनमध्ये नंतर घरचं अन्न शिजतं. बोर्डातून निघणारा धूर पोटात जाण्याजोगा नाही, हे कळकळीने सांगतो.

बाजारात ‘रीबॉलिंग’ करून देतात, त्याचंही हेच. त्यात चिपच्या पाटीखालचे मोठे गोळे नवे बसतात. तडा त्याच्या वर, चिप आणि पाटीच्या मध्ये असेल तर तो तसाच राहतो. नवी चिप बसवली तर गोष्ट वेगळी.

आणि ताईंच्या बाबतीत तर हे मुळीच नको. उघडलेला, भाजलेला बोर्ड दिसला की कंपनीला नकार द्यायला आयतं कारण मिळतं.

खटपट्या

एक पाच आठवडे चालला, दुसरा जेमतेम दोन महिने. अन्न शिजवण्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, पुन्हा करणार नाही.

कलमदान

कागदपत्रांबद्दल लिहिते, माझं काम त्यातलंच आहे.

रेघोटी, सर्व्हिस सेंटरने ‘मदरबोर्ड बदलावा लागेल’ असं तोंडी सांगितलं की लिहून दिलं? तोंडी असेल तर आजच जा आणि तपासणीचा लेखी अहवाल मागा. त्यात ‘ग्राफिक्स चिपमध्ये बिघाड’ हे शब्द यायला हवेत. ‘बोर्ड खराब’ एवढ्यावर तुमचा सगळा मुद्दा हातातून निसटतो, कारण बोर्ड पाणी सांडूनही खराब होतो. पाण्याचा, पडल्याचा किंवा उघडल्याचा पुरावा आढळला नाही, हेही त्यात लिहून घ्या.

मग कंपनीच्या मुख्य तक्रार विभागाला पत्र. खरेदीची तारीख, अनुक्रमांक, लक्षण पहिल्यांदा दिसलं ती तारीख, अहवालाची प्रत. मागणी एकच आणि स्पष्ट ठेवा: हा उत्पादनातला दोष आहे असं मानून बोर्ड विनाखर्च बदलून द्यावा. संतापाचे शब्द काढून टाका. मॉडेलच्या इतर तक्रारींचा उल्लेख एका वाक्यात करा, त्या चिकटवत बसू नका.

कायदा देशागणिक बदलतो, तरी एक गोष्ट सगळीकडे तपासण्यासारखी आहे. कंपनीची वॉरंटी आणि कायद्याने मिळणारं संरक्षण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. युरोपियन युनियनमध्ये नव्या वस्तूवर विक्रेत्याची कायदेशीर जबाबदारी किमान दोन वर्षांची आहे, कंपनीने कागदावर एक वर्ष लिहिलेलं असलं तरी. तिथे १४व्या महिन्यात दाद विक्रेत्याकडे मागायची, आणि लोक जातात मात्र कंपनीकडे. तुम्ही जिथे घेतला तिथला नियम आधी बघा.

जुना पिंपळ

कलमदान यांच्याशी पूर्ण सहमत. ‘जिथे घेतला’ हे शब्द अधोरेखित करतो. २००८ च्या दोषावर अमेरिकेत ग्राहकांनी एकत्रित दावा केला होता. कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये तडजोडीला अंतिम मान्यता दिली. दुरुस्ती किंवा बदली यंत्र, शिवाय आधी भरलेल्या दुरुस्तीच्या पैशांचा परतावा, असं त्यात होतं. पण ते अमेरिकेत घेतलेल्या लॅपटॉपांपुरतंच, आणि दावा भरायची शेवटची तारीख होती १४ मार्च २०११. बाहेर घेतलेल्यांना त्याचा काही उपयोग नव्हता. बदली यंत्रावरही नाराजी झाली. महागड्या एचपीच्या बदल्यात साधा कॉम्पॅक सीक्यू५६ घ्यावा लागणार म्हणून लोकांनी आक्षेप घेतले होते.

सायंतारा

म्हणजे हे एकदाच घडलेलं का?

जुना पिंपळ

नाही. २०११ च्या १५ आणि १७ इंची मॅकबुक प्रोंमध्ये एएमडीच्या चिप होत्या, म्हणजे चिप बनवणारा वेगळा. तिथेही पडद्यावर पट्टे आणि अचानक बंद पडणं. लोकांनी तक्रारी केल्या, अर्जांवर सह्या केल्या, दावा झाला, आणि अ‍ॅपलने दुरुस्तीची योजना काढली फेब्रुवारी २०१५ मध्ये. म्हणजे २०११ ला घेणाऱ्याने वॉरंटीनंतर दोन-तीन वर्षं एक तर पदरचे पैसे घातले, नाही तर यंत्र माळ्यावर टाकलं. ज्यांनी बिलं जपली त्यांना पैसे परत मागता आले. तेव्हा, ताई, वेळ आलीच आणि पैसे भरून दुरुस्ती करावी लागली, तर बिलावर कोणता भाग का बदलला ते लिहून घ्या. ते पुढे उपयोगी पडतं.

रेघोटी

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

तांबडी तार यांनी सांगितलेल्या तपासण्या केल्या. बाहेरच्या मॉनिटरवरही रेघा, आणि सुरू होतानाच्या चिन्हावर ठिपके. ते चित्रित केलं. सर्व्हिस सेंटरने आधी अहवाल द्यायला टाळाटाळ केली. चित्रण दाखवल्यावर तिथल्या एका मुलीने स्वतः पुन्हा तपासणी केली आणि ‘ग्राफिक्स चिपमध्ये बिघाड, बाह्य नुकसान नाही’ असं लिहून दिलं. त्या मुलीची मी ऋणी आहे. तेच जोडून मुख्य विभागाला पत्र धाडलं.

पहिलं उत्तर नकाराचं आलं, ठरलेल्या मजकुराचं. कलमदान यांच्या सल्ल्याप्रमाणे पुन्हा तेवढीच एक मागणी लिहिली, आणि सोबत विचारलं की या मॉडेलसाठी या दोषापुरतं वाढीव संरक्षण आहे की नाही हे लेखी कळवा. नऊ दिवसांनी फोन आला. तशी योजना नाही म्हणाले, पण माझ्या प्रकरणात अपवाद म्हणून बोर्ड विनाखर्च बदलून देतो. काल लॅपटॉप परत आला. चालतोय.

मला आनंद झालाय, पण एक सल आहे. अपवाद फक्त मला मिळाला. त्याच मॉडेलचे बाकीचे लोक पैसे भरतायत. म्हणून मी त्या सगळ्या तक्रारींखाली माझ्या पत्राचा मसुदा ठेवणार आहे. कोणाची हरकत?

कलमदान

हरकत कसली, जरूर ठेवा. फक्त अनुक्रमांक आणि पत्ता काढून टाका. दुरुस्तीवर किती दिवसांची हमी दिली ते लेखी घेतलंत ना?

रेघोटी

हो, ९० दिवस. तांबडी तार, नव्या बोर्डावर तीच चिप असेल तर पुन्हा हेच होईल का?

तांबडी तार

शक्य आहे. २००८ मध्येही लोकांची हीच तक्रार होती की बदलून मिळालेल्या बोर्डावर तीच चिप होती. कामाच्या कागदावर बोर्डाचा भाग क्रमांक असेल, तो जुन्या क्रमांकाशी ताडून बघा. शेवटची अक्षरं बदलली असतील तर आवृत्ती नवी असण्याची शक्यता आहे, खात्री मात्र नाही.

या ९० दिवसांत लॅपटॉपला जपू नका. मोठे आराखडे उघडा, फिरवा, तापू द्या, निवू द्या, रोज. बिघडायचा असेल तर याच मुदतीत बिघडू दे. ९० दिवस निभावले की मग पंख्याची धूळ दर काही महिन्यांनी काढत जा आणि हवेची जाळी गादीवर टेकवू नका, म्हणजे तापमानाचे चढउतार कमी होतील. आणि ८५व्या दिवशी बायोसच्या पडद्याचा एक फोटो काढून ठेवा.

गोधडी

बहिणीच्या लॅपटॉपवर आज सुरू होताना दोन ठिपके दिसले. तिची वॉरंटी संपायला १९ दिवस आहेत. चित्रण केलंय, उद्या सकाळी सर्व्हिस सेंटर उघडायच्या आधीच आम्ही दोघी दारात असू. रेघोटीताई, मसुदा इथेही टाकाल का?

रेघोटी

टाकते. अर्ध्या तासात.